द्वारकाकाकूंची अर्धल

ती नोटीस मीच नेऊन दिली. हे पाप दुसऱ्या कुणावर ढकलता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

साल १९९६, सप्टेंबर महिना. फरीदाबादच्या आमच्या सेक्टरात तेव्हा जेमतेम दीडशे घरं उठली होती. बाकी प्लॉटांवर बाभळी आणि गाजरगवत. रस्ते अर्धे, पाणी दिवसाआड, दिवे कधी असतील तेव्हा. असोसिएशन मात्र पूर्ण होती. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सहसचिव. सहसचिव मी, जयंत कारंडे. दिल्लीला मंत्रालयात दिवसभर फायली उपसून माझं मन भरत नव्हतं, म्हणून संध्याकाळी सेक्टरच्या फायली उपसायचो.

अध्यक्ष होते भसीनसाहेब. गाड्यांचे सुटे भाग बनवायचा त्यांचा कारखाना होता आणि उदारीकरणाचा वारा त्यांना चांगलाच मानवला होता. दारात दोन गाड्या, गच्चीवर डिश, मागे जनरेटर आणि तोंडात एकच शब्द, 'स्टँडर्ड'. सेक्टरचं स्टँडर्ड राखलं पाहिजे. त्यांच्याकडे कॅनडाचा एक पाहुणा आला होता. तो पहाटे कोंबड्याच्या आरवण्याने उठला आणि चहा पिताना म्हणाला, "भसीन, यह सेक्टर है या गाँव?" एवढंच म्हणाला बिचारा, पण ते भसीनसाहेबांच्या वर्मी लागलं. त्याच रविवारी ठराव आला की निवासी भागात कोंबड्या नकोत. एकेचाळीस विरुद्ध तीन मतांनी पास झाला. एकेचाळिसांत मी होतो.

नोटीस मी लिहिली. तीन परिच्छेदांची, मुद्देसूद, इंग्रजीत. मसुदा चांगला होता, हीच त्यातली आणखी लाज.

"आपकी भाषा की हैं, आप ही दे आइए," भसीनसाहेब म्हणाले.

कोंबड्या होत्या द्वारकाकाकू शेलारांच्या. त्यांचे यजमान भाऊसाहेब केंद्र सरकारच्या एका खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. बोलायचं सगळं खातं काकूंकडे होतं. मी गेलो तेव्हा त्या मागच्या अंगणात उकिडव्या बसून गुडघ्यांत धरलेल्या कोंबडीच्या पायाला लाल चिंधी बांधत होत्या. हात न पुसताच त्यांनी कागद घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला.

"वाचून दाखवा. मराठीत."

मी वाचून दाखवलं. पंधरा दिवसांत पक्षी हटवावेत, अन्यथा प्रशासनाकडे तक्रार. मराठीत ते फारच ओंगळ ऐकू आलं.

"तुम्ही कुठले हो, जयंतराव?"

"सांगोल्याचा."

"सांगोल्याचा माणूस कोंबड्यांची नोटीस घेऊन येतो?" त्यांनी चिंधीची गाठ दाताने घट्ट केली. "ठेवा तिथं. चहा घेणार ना?"

चहा घेतला. निघताना त्यांनी सहा अंडी दिली, तीही घेतली. निगरगट्टपणा म्हणतात तो हाच.

त्या कोंबड्यांची हकीकत मला तशी ठाऊक होती, सेक्टरातल्या प्रत्येक मराठी माणसाला काकूंनी ती ऐकवलेली होती. त्या माण तालुक्यातल्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या, तेव्हा सरकारी क्वार्टरच्या दुसऱ्या मजल्यावर राहिल्या आणि तेरा वर्षं मातीला पाय लागला नाही. शहाऐंशी साली इथं प्लॉट घेऊन घर बांधलं. त्याच वर्षी माहेरी आई आजारी पडली म्हणून गेल्या. आई गेली. भावांनी शेत वाटून घेतलं, भांडी वाटून घेतली. बहिणीला काय पाहिजे असं कुणी विचारलं नाही आणि हिनंही मागितलं नाही. परत निघायच्या दिवशी आईच्या खुराड्यातून अकरा अंडी उचलली, बाजरीच्या डब्यात टोक खाली करून रोवली आणि झेलम एक्सप्रेसने तीस तास डबा मांडीवर घेऊन आल्या. डबा खाली ठेवला तर गाडीच्या हादऱ्याने अंड्यातला जीव सुटतो, म्हणून मांडीवर. शेजारच्या खेड्यातल्या अंगूरी नावाच्या गुजर बाईकडून एक खुडूक कोंबडी, म्हणजे अंड्यांवर बसायला आतुर झालेली, उसनी आणली. एकवीस दिवसांनी सात पिल्लं निघाली.

"भावांनी घेतलं ते त्यांनी दहा वर्षांत विकून खाल्लं," काकू म्हणायच्या. "माझा वाटा अजून अंडी देतोय."

दहा वर्षांत त्या वाट्याचा चांगला कळप झाला होता, पण उगीच वाढू दिलेला नव्हे. आईकडच्या वाणाला लाल चिंधी, अंगूरीकडून आलेल्या रक्ताला हिरवी. दर साली एक नर अंगूरीला द्यायचा आणि तिच्याकडून एक घ्यायचा, कारण घरचा कोंबडा घरच्याच लेकींवर ठेवला की तिसऱ्या पिढीला अंडी वांझ निघतात. "आपल्यात मामाची पोरगी चालते, म्हणून बापाची चालत नाही," असं त्या भर अंगणात सांगत आणि भाऊसाहेब पेपरात तोंड खुपसत. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख. सातव्या दिवशी बॅटरीच्या उजेडापुढे धरून बघायचं, आत लाल जाळं दिसलं तर ठेवायचं, नाही तर काढायचं.

खरी डोकेदुखी नरांची. दहा पिल्लांत पाच नर निघणार आणि मोठे झाले की एकमेकांचे डोळे फोडणार. दर पावसाळ्याअखेर चार-पाच नर कुठे तरी द्यावे लागत. मागायला माणसं यायची, पण काकू स्थळ बघायला आल्यासारखी त्यांची उलटतपासणी घ्यायच्या. रात्री कुठं ठेवणार? मुंगूस आहे का? गल्लीतलं कुत्रं? आणि शेवटी, "कापणार असाल तर तोंडावर सांगा. मीही खाते, मला त्याचं काही नाही. पण पाळतो म्हणून नेऊन कापलंत तर पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाही." दिल्लीत मुनिरक्याला खोली घेऊन युपीएससीचा अभ्यास करणारा एक लातूरचा मुलगा पहाटे जाग यावी म्हणून एक नर घेऊन गेला. आठ दिवसांत घरमालकाने दोघांनाही खोली सोडायला सांगितली. मुलगा माफी मागून राहिला, कोंबडा बसने परत आला.

तर असा हा कळप. एकवीस माद्या, चार नर. त्यातला पाटील नावाचा म्हातारा लाल चिंधीचा नर म्हणजे काकूंचा जीव की प्राण. हे सगळं पंधरा दिवसांत हटवायचं होतं.

पुढच्या रविवारी काकू सभेला आल्या. बायकांत त्या एकट्याच. उभ्या राहिल्या, तोंड उघडलं आणि नेमकी लाईट गेली. लगेच भसीनसाहेबांचा जनरेटर सुरू झाला, मग खुराणांचा, मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा. सहा जनरेटर एकदम. शेजारचा माणूस काय बोलतोय ते ऐकू येईना. सगळे सवयीने गप्प बसले. काकू बसल्या नाहीत. पाऊण तास पदर खोचून उभ्या राहिल्या. लाईट आली, जनरेटर बंद झाले, तेव्हा म्हणाल्या, "अब बताइए, मेरा मुर्गा दिन में कितना बोलता है?"

मागच्या रांगेत कुणी तरी हसलं. भसीनसाहेब हसले नाहीत. ठराव कायम राहिला.

"ठीक है," काकू म्हणाल्या. "पंद्रह दिन बाद मेरे आँगन में एक पंख नहीं मिलेगा. बिल्कुल नहीं. आके देख लेना."

मला वाटलं, हरल्या. खरं सांगतो, वाईटही वाटलं आणि सुटल्यासारखंही.

चौदाव्या दिवशी तपासणीला मीच गेलो. खुराडं धुऊन पालथं घातलेलं. अंगण झाडलेलं. पीस तर नव्हतंच. काकू पायरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"दिल्या सगळ्या?"

"दिल्या."

"कशा दिल्या?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या गावाची लाज वाटावी. "सांगोल्याचे ना तुम्ही? कशा देतात? अर्धलीनं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या आजीची शेळी अशीच अर्धलीवर असायची. जनावर मालकाचं, पण सांभाळायचं दुसऱ्याने. दूध, अंडी सांभाळणाऱ्याला, आणि पिल्लं झाली की निम्मी त्याची, निम्मी मालकाची. दिली म्हणजे गेली, असं भसीनसाहेबांच्या सेक्टरात असेल. आमच्याकडे अर्धलीनं दिलेली कोंबडी दहा मैलांवर असली तरी मालकिणीचीच असते. नोटिशीत लिहिलं होतं 'हटवावेत'. विकावेत, कापावेत असं लिहिलेलं नव्हतं. मसुदा माझाच होता.

मी अहवालात लिहिलं, 'सदर आवारातील पक्षी हटवण्यात आलेले आहेत.' यात एक अक्षर खोटं नव्हतं. सरकारी नोकरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला खरं किती लिहायचं ते कळतं.

आठ लाल माद्या आणि पाटील अंगूरीकडे, खेड्यात. बाकीच्या आमच्याच सेक्टरात, एकेका घरी एक-दोन. ज्या बायका वर्षानुवर्षं मागच्या दाराने काकूंकडून अंडी नेत होत्या, त्याच. नवरे एकेचाळिसांत होते, त्यांना कुणी विचारलं नाही. आणि लाल चिंधीची एक मादी आणि एक तरणा नर कुठे गेले असतील? भसीनसाहेबांच्या मागच्या अंगणात. त्यांच्या आईने घेतले. बीजींचं वय अठ्ठ्याहत्तर, फाळणीत झंगहून आलेल्या, मुलाला अजून 'ओए काके' म्हणून हाक मारणाऱ्या.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, अशी आपल्यात म्हण आहे. भसीनसाहेबांना म्हण माहीत नव्हती, त्यांनी खरोखर झाकून पाहिलं. नोकर दिवेलागणीला त्या नरावर टोपली घालायचा, टोपलीवर गोधडी. तो तरीही आरवायचा. शेवटी समितीत भसीनसाहेबांनीच खुलासा केला की डॉक्टरांनी बीजींना देशी अंडं सांगितलं आहे, मेडिकल केस आहे. मी ते इतिवृत्तात गंभीरपणे नोंदवलं.

इथवर सगळं गमतीचं होतं. जानेवारीत गंमत संपली.

कोंबड्यांना मानमोडी नावाचा रोग येतो. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत खुराडं रिकामं होतं. त्याची लस काकू दर हिवाळ्यात टोचायच्या. लशीची एक बाटली शंभर पक्ष्यांची असते, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा फोडली की दोन तासांत संपवावी लागते. कळप एका अंगणात होता तेव्हा हे अर्ध्या तासाचं काम होतं. आता तेरा घरं. भाऊसाहेब खांद्याला थर्मास अडकवून पुढे आणि काकू सुई घेऊन मागे, अशा त्या दोघांना मी त्या दिवशी गल्लीगल्लीतून धावताना पाहिलं. कुठे दार उघडेना, कुठे कोंबडी सापडेना. सेक्टर संपवून खेड्याच्या रस्त्याला लागल्या तेव्हा दोन तास उलटून गेले होते. उरलेली लस गटारात ओतून त्या म्हणाल्या, "पुढच्या बुधवारी दुसरी बाटली आणू."

बुधवार यायच्या आत खेड्यात मानमोडी आली. अंगूरीच्या सगळ्या मेल्या. काकूंच्या आठही. काकू तिथेच तीन दिवस बसून होत्या, हळदीचं पाणी पाजत. पाटील शेवटी गेला, काकूंच्या हातात.

मी भेटायला गेलो. वाटलं होतं रडत असतील. त्या संतापलेल्या होत्या.

"आईचं आता काय उरलं सांगा मला," म्हणाल्या. "हिरव्या आहेत, त्या मला कुठेही मिळतील. लाल ती एक जोडी राहिली. आणि ती कुठं आहे? त्या माणसाच्या घरात!"

 बाटली तेरा घरांत फिरवायची पाळी कुणाच्या कागदाने आणली होती?

दुसऱ्याच दिवशी रविवारी सकाळी भसीनसाहेबांचा नोकर मला बोलवायला आला. खेड्यातल्या रोगाची बातमी सेक्टरात पोचली होती. साहेबांनी ड्रायव्हरला सांगितलं होतं, दोन्ही पक्षी गाडीत घाल आणि कुठे तरी सोडून ये. आणि बीजी कोंबडी मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. ना कुणाला आत जाता येत होतं, ना बाहेर. सकाळपासून घरात चहा झालेला नव्हता.

"आप असोसिएशन की तरफ़ से समझाइए," भसीनसाहेब मला म्हणाले. त्यांचा आवाज पार उतरला होता.

मी काही बोलायच्या आत बीजी बोलल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. "सैंतालीस में सत्रह मुर्गियाँ खुली छोड़ के आई थी, काके. दरवाज़ा भी बंद नहीं किया था, कि भूखी न मरें. अब एक नहीं छोड़ूँगी. मुझे भी गाड़ी में डाल."

तेवढ्यात फाटकातून हाक आली. द्वारकाकाकू. बाहेर रस्त्यावर उभ्या. मी म्हटलं आत या, तर जागच्या हलल्या नाहीत. "माझ्या हातात मेल्यात तिकडं. अंगावरून रोग आत येईल. मी इथनंच बोलते." त्यांनी साडी बदलली होती, हात डेटॉलने धुतले होते, तरी त्या फाटकाच्या आत आल्या नाहीत. आपला जीव जिथं अडकलाय तिथून वीस पावलांवर उभं राहायचं आणि त्याच्याच भल्यासाठी पुढे यायचं नाही, हे मी तोवर कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

भसीनसाहेब फाटकापाशी गेले. मला वाटलं, आता काकू विनवणी करतील.

"भसीन साहब, इन दोनों को टीका लगा है. मैंने ख़ुद लगाया है, इनको कुछ नहीं होगा," काकू म्हणाल्या. "गाँव वालियों को नहीं लगा, इसलिए मरीं. नोटिस आपकी थी, टीके की बोतल मेरी थी. पाप आधा आपका, आधा मेरा. हमारे यहाँ इसको अर्धल बोलते हैं. अब ये दो भी आपको फेंकनी हैं तो फेंको. मेरे सामने फेंको."

भसीनसाहेबांनी धरलेली फाटकाची कडी सोडली. मग वळून ड्रायव्हरला म्हणाले, "गाड़ी अंदर लगा दे." आणि मला म्हणाले, "चाय पीकर जाना." चहा त्यांनी स्वतः केला, कारण बीजी अजून उंबऱ्यात होत्या.

फेब्रुवारीत ती लाल मादी खुडूक झाली. पोटाखाली अकरा अंडी ठेवली. काकू रोज संध्याकाळी फाटकाबाहेरून विचारायच्या, बीजी आतून ओरडून सांगायच्या. एक मराठीत, एक पंजाबीत, आणि दोघींचं अडलं कुठेच नाही. मार्चात आठ पिल्लं निघाली. चार त्यांची, चार काकूंची. काकू आपली चार टोपलीत घालून भर दुपारी, असोसिएशनच्या बोर्डासमोरून, टोपली उघडी ठेवून घरी घेऊन गेल्या. बाकीच्या घरांतूनही निम्मा वाटा येत राहिला. पावसाळा संपेपर्यंत खुराडं पुन्हा भरलं. सेक्टरात तेव्हा सोळा घरी कोंबड्या होत्या. नोटिशीपूर्वी एका घरी होत्या.

आणि सप्टेंबरात पुन्हा तक्रार आली. या वेळी कुणा नव्या रहिवाशाची. भसीनसाहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "रूल तो रूल है. एक नोटिस बना दीजिए. बाक़ी आप देख लेना."

मी बनवली. जुनाच मसुदा, तारीख बदलून. आणि घेऊन गेलो.

काकू अंगणात डालग्यात गवत पसरत होत्या. शेजारी पाय बांधलेला एक तरणा लाल चिंधीचा नर आणि हिरव्या चिंधीची तलंग, अजून अंड्यावर न आलेली. नरांना घरं बघायचे दिवस ते.

"हे कुणाला?" मी विचारलं.

"ज्याला लाज असेल त्याला," त्या म्हणाल्या. "तुमच्या मागं अंगण केवढं आहे? मुंगूस आहे?"

"नाही."

"कुत्रं?"

"नाही."

"कापणार?"

"नाही हो, काकू."

"लाल-लाल जोडी आता देत नाही, सगळी एकाच पोटची भावंडं. सांभाळायला जमलं नाही तर परत आणून द्यायची, दुसऱ्याला द्यायची नाही. पिल्लं झाली की निम्मी माझी." मग त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. "ते काय आहे?"

मी पुढे केलं. त्यांनी या वेळी वाचून दाखवा म्हटलं नाही. कागदाची जाडी चिमटीत अजमावली, घडी मोडली आणि डालग्याच्या तळाला, गवताच्या खाली, नीट चारी कोपऱ्यांनी अंथरला. वर दोन्ही पक्षी ठेवले, फडकं बांधलं आणि डालगं माझ्या हातात दिलं.

संध्याकाळचे सहा वाजले होते. समितीचे सगळे सभासद फिरायला बाहेर पडायची ती वेळ. मागच्या गल्लीने जाता आलं असतं. मी मोठ्या रस्त्याने गेलो. भसीनसाहेबांच्या फाटकासमोर डालग्यातला नर आरवला आणि आतून त्याच्या बापाने उत्तर दिलं. मी थांबलो, दोघांचं बोलून होऊ दिलं, आणि मग घरी जाऊन खुराड्यासाठी फळ्या शोधू लागलो.